टाकलेला जोड हरवू नये म्हणून: ऑनलाइन दुकानाची कार्ट कशी सांभाळायची, अगदी पहिल्यापासून

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये दादाचं दुकान आहे, त्याची वेबसाइट मी बनवली आणि तेव्हापासून मीच बघते. आता ओळखीतले बरेच जण विचारायला यायला लागलेत, कुणाचा कांदा-लसूण मसाला आहे, कुणाचा गूळ, एकीला गुजरीतले (सराफ गल्लीतले) साज ऑनलाइन विकायचेत. सगळ्यांचे पहिले प्रश्न फोटोचे आणि पेमेंटचे असतात. कार्टबद्दल, म्हणजे निवडलेला माल ठेवायच्या पिशवीबद्दल, कुणीच विचारत नाही, कारण एक बटण असतंय, दाबलं की वस्तू पडते, त्यात काय विचारायचं असं वाटतं. पण आमच्याकडं सगळ्यात जास्त गिऱ्हाईक निसटलं ते तिथंच, आणि तेही आमच्या चुकीनं, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतेय.

साइट चालू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात पुण्याहून एका काकूंचा फोन आला, वहिनीनं उचलला. "अहो, मी तीन जोड टाकून ठेवले होते. नातीच्या पायाचं माप घ्यायचं म्हणून तिला कागदावर उभी केली, पेन्सिलनं पाय आखला, फूटपट्टी सापडेना, ती शोधून परत येते तर तुमची पिशवी रिकामी!" वहिनीनं फोनवरच ऑर्डर लिहून घेतली म्हणून ती वाचली. पण ज्यांनी फोन केलाच नाही, नुसतं मोबाईल ठेवून दिला, ते किती असतील हे काही दिवस माझ्या डोक्यातनं जात नव्हतं.

मग शोधलं तर कारण साधं निघालं. मी कार्ट पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या (साइट जिथून चालते त्या कॉम्प्युटरवरच्या) तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवली होती, जसं बहुतेक ट्युटोरियलमध्ये दाखवतात तसं. सेशनची मूळ सेटिंग असते १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. तेवढा वेळ काही हालचाल झाली नाही की ती फाइल कचरा समजून उडवायला सर्व्हर मोकळा. नातीच्या पायाचं माप घ्यायला २४ मिनिटं सहज जातात.

आधी मुळात कार्ट का हरवते ते समजून घ्या

वेबसाइटला आठवण नसते. तुम्ही एक पान उघडलं, सर्व्हरनं पान दिलं, संपलं. दुसरं पान मागितलं की त्याच्या दृष्टीनं तुम्ही नवीन माणूस. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू माँटुली या इंजिनिअरनं कुकी (साइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद) काढली ती याच कारणासाठी, एका गिऱ्हाइकाला ऑनलाइन दुकान करायचं होतं आणि अर्धवट खरेदीची नोंद त्यांना स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची नव्हती. म्हणजे कुकीचा जन्मच कार्टपायी झालाय. गंमत अशी की आज आपण बरोबर उलटं करतो, नोंद सर्व्हरवर ठेवतो आणि कुकीत फक्त एक नंबर.

हे समजायला अंबाबाईच्या देवळाबाहेरचा चप्पल स्टँड डोळ्यासमोर आणा. तुम्ही चप्पल काढून देता, तो रॅकमध्ये ठेवतो आणि तुमच्या हातात टोकन देतो. टोकनात चप्पल नसते, फक्त नंबर असतो. दर्शन घेऊन या, तासानं या नाहीतर दोन तासानं या, टोकन दाखवलं की चप्पल मिळते. रॅक म्हणजे तुमचा डेटाबेस (सर्व्हरवरचा नोंदींचा साठा), टोकन म्हणजे कुकी. आणि टोकन दुसऱ्याच्या हाती लागलं तर तुमची चप्पल तो घेऊन जाईल, हेही लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पहिली पायरी: रेडिमेड घ्यायचं की स्वतः करायचं

शॉपिफायसारखं भाड्याचं दुकान घेतलं तर पुढच्या बऱ्याच गोष्टी ते बघतात, तुम्हाला फक्त शेवटच्या पायऱ्या वाचल्या तरी चालतील. वूकॉमर्स (वर्डप्रेस साइटला जोडायचं दुकानाचं सॉफ्टवेअर) असेल तर पाहुण्या गिऱ्हाइकाची कार्ट साधारण ४८ तास राहते, लॉगिन केलेल्याची खात्यासोबत जपली जाते. ४८ तास मला कमी वाटतात. आपल्याकडं लोक शनिवारी बघून ठेवतात, पगार झाला की घेतात, नाहीतर घरात विचारून घेतात. ही मुदत छोट्या कोडनं वाढवता येते, तुमच्या डेव्हलपरला पहिल्याच दिवशी सांगा. स्वतः बनवणार असाल तर पुढं वाचा.

दुसरी पायरी: टोकन नीट बनवा

माणसानं पहिली वस्तू टाकली की टोकन बनवायचं, नुसतं साइट उघडल्यावर नाही, नाहीतर गूगलचे बॉट (आपोआप पानं वाचत फिरणारे प्रोग्राम) येऊन हजारो रिकाम्या कार्ट तयार करून जातील. टोकन म्हणजे १०४२, १०४३ असे ओळीनं नंबर अजिबात नको. माझा १०४२ असेल तर मी १०४३ टाकून शेजाऱ्याची कार्ट बघू शकते. रँडम पाहिजे आणि लांब पाहिजे, पीएचपीत रँडम बाइट्सचं फंक्शन आहे, त्यातनं ३२ बाइट घेतले की पुरे.

कुकी सर्व्हरकडूनच सेट करा, जावास्क्रिप्टनं नको. याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे आयफोनवरच्या सफारीत जावास्क्रिप्टनं ठेवलेली कुकी जास्तीत जास्त ७ दिवस टिकते, लोकल स्टोरेजचीही (ब्राउझरमधली साठवायची दुसरी जागा) तीच गत, माणूस आठवडाभर साइटवर फिरकला नाही की साफ. दुसरं, सर्व्हरनं सेट करताना एचटीटीपी-ओन्ली लावता येतं, म्हणजे पानावर कुणी वाईट स्क्रिप्ट घुसवली तरी तिला टोकन वाचता येत नाही. सोबत सिक्युअर (टोकन फक्त सुरक्षित जोडणीवरून जातं) आणि सेमसाइट-लॅक्स (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत ते सहसा जात नाही) पण लावा. मुदत मी ३० दिवस ठेवलीय आणि माणूस परत आला की पुन्हा ३० दिवस पुढं ढकलते.

कधीकधी कुणी म्हणतं सगळी कार्टच कुकीत ठेवू, डेटाबेस कशाला. कुकीत साधारण ४ केबीच मावतं, आणि ती गिऱ्हाइकाच्या हातात असते, म्हणजे तो ती बदलू शकतो. टोकनवर "माझी चप्पल सोन्याची होती" असं लिहून आणलं तर स्टँडवाला देणार का?

तिसरी पायरी: दोन टेबल

एक टेबल कार्टचं: टोकन, गिऱ्हाइकाचा आयडी (लॉगिन नसेल तर रिकामा), स्थिती, कधी बनली, शेवटची हालचाल कधी. दुसरं टेबल त्यातल्या वस्तूंचं: कुठल्या कार्टमधली, कुठला माल, किती नग, टाकला तेव्हाची किंमत.

"कुठला माल" इथं सगळ्यात जास्त लोक चुकतात. नुसतं "कापशी चप्पल" (कोल्हापुरीतला एक प्रकार) असं ठेवून चालत नाही. आठ नंबर की नऊ, कानाची की बिनकानाची, रंग नैसर्गिक की काळा, प्रत्येक वेगळा माल आहे आणि प्रत्येकाचा स्टॉक वेगळा. मसाल्यात पाव किलो आणि एक किलो वेगळे. म्हणून प्रत्येक प्रकाराला स्वतःचा कोड द्या आणि कार्टमध्ये तो कोड ठेवा. मग डेटाबेसला सांगून ठेवा की एका कार्टमध्ये एक कोड एकदाच, परत तोच टाकला तर नग वाढवायचे. नाहीतर कुणी घाईत दोनदा बटण दाबलं की एकच जोड दोन ओळीत दिसतो आणि माणूस गोंधळतो.

किंमत ब्राउझरकडून कधीही घ्यायची नाही, हे मी हात जोडून सांगते. ब्राउझरनं फक्त कोड आणि नग पाठवायचे, किंमत आपण आपल्या टेबलातून काढायची. नगही तपासायचे, शून्याच्या वर आहेत का, पूर्णांक आहेत का. उणे एक नग पाठवला तर एकूण रक्कम कमी होते, आणि असं करून बघणारी माणसं खरंच असतात. पैसे पैशातच साठवा, म्हणजे १२५० रुपये असतील तर १२५००० पैसे, पूर्ण आकडा. दशांशात ठेवलं की कुठंतरी पैसा-दोन पैशाचा फरक पडतो आणि हिशोब लागता लागत नाही.

मग टाकला तेव्हाची किंमत कशाला ठेवायची म्हणाल तर ती फक्त सांगण्यासाठी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, २५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के झाला. त्याच्या आधी ज्यांनी कार्ट भरून ठेवली होती त्यांना चेकआउटला (ऑर्डर पक्की करायच्या पानावर) नवीन रक्कम दिसली पाहिजे, आणि "तुम्ही टाकलं तेव्हा एवढी किंमत होती, आता एवढी आहे" असं वरती स्वच्छ लिहिलेलं पाहिजे. उतरली तरी सांगा, चढली तरी सांगा. हिशोब मात्र नेहमी आजच्या किमतीनं आणि आजच्या टॅक्सनं.

अजून एक छोटी गोष्ट, कार्टमध्ये टाकणं हे बटण असू दे, साधी लिंक नको. लिंक असली की सर्च इंजिनचे बॉट ती उघडत बसतात आणि प्रत्येक वेळी एक वस्तू कुठल्यातरी कार्टमध्ये पडते. सर्व्हरला पोस्ट पद्धतीनं पाठवा, म्हणजे नुसती लिंक उघडून नाही तर फॉर्म भरून पाठवतात तसं.

चौथी पायरी: लॉगिन केल्यावर काय

माणूस सकाळी मोबाईलवर बघतो, दुपारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. दोन्हीकडं दोन कार्ट तयार होतात. लॉगिन केलं की त्या एकत्र करायच्या. वेगवेगळा माल असेल तर सगळा ठेवायचा, पण तोच माल दोन्हीकडं असेल तर नगांची बेरीज करू नका, जो आकडा मोठा तो ठेवा. मी आधी बेरीज करत होते, एका दादांना एकाच नंबरचे दोन जोड गेले, त्यांनी एकच मागवला होता असं त्यांचं म्हणणं आणि ते बरोबरच होतं, परत मागवायचा खर्च आम्ही सोसला.

आणि लॉगिन होताक्षणी टोकन बदला. जुनं रद्द, नवीन चालू. स्टँडवरचं टोकन आधीच कुणी बघून ठेवलं असेल तर त्याच्या हातात आता नुसता रद्द नंबर राहतो. लॉगआउट केल्यावर कुकी काढून टाका, सायबर कॅफेत किंवा घरातल्या सामाईक मोबाईलवर पुढच्या माणसाला आधीच्याची कार्ट दिसायला नको.

पाचवी पायरी: शेवटचा जोड कुणाचा

यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे कारण इथं शब्द जातो, आणि दुकानदाराचा शब्द गेला की गिऱ्हाईक परत येत नाही.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि सगळीकडं बातम्या झाल्या, त्या आठवड्यात आमच्या साइटवर एकदम गर्दी. नऊ नंबरचा वेणीचा एकच जोड शिल्लक होता आणि तो दोघांनी विकत घेतला, एक नाशिकचे आणि एक बेंगळुरूचे, दोघांचेही पैसे आले. दादानं नाशिकवाल्यांना फोन करून सांगितलं की कारागिराकडून नवीन करून देतो, वेळ लागेल. हाताचं काम आहे, कातडं कमावण्यापासून शिवणीपर्यंत, उद्या म्हटलं की उद्या होत नाही. ते थांबले, त्यांचे उपकार, पण असं परत होऊ नये म्हणून मी त्याच रात्री बसले.

चूक अशी होती की माझा कोड आधी विचारत होता "स्टॉक आहे का", उत्तर "एक आहे", मग पुढच्या ओळीत एक वजा. दोघांनी एकाच क्षणी विचारलं तर दोघांनाही "एक आहे" असंच उत्तर मिळतं. उपाय एका ओळीचा आहे. विचारणं आणि वजा करणं वेगळं ठेवायचं नाही, डेटाबेसला एकाच आदेशात सांगायचं, "या कोडचा स्टॉक एक किंवा जास्त असेल तरच एक कमी कर", आणि मग बघायचं की किती ओळी बदलल्या. एक बदलली तर जोड तुमचा. शून्य बदलल्या तर संपला, पेमेंटला पाठवायचंच नाही.

आता हे कधी करायचं? कार्टमध्ये टाकल्यावर नाही. तसं केलं तर कुणीही दहा जोड टाकून झोपून जाईल आणि खरा घेणारा "संपलं" वाचून निघून जाईल. मी चेकआउटचं बटण दाबल्यावर जोड १५ मिनिटं बाजूला काढते, पैसे आले तर पक्का, नाहीतर परत रॅकवर. वूकॉमर्समध्ये हीच मुदत मुळात ६० मिनिटं असते, सेटिंगमध्ये बदलता येते. एकेकच नग असणाऱ्या मालाला तास खूप होतो, मसाल्यासारख्या भरपूर असणाऱ्या मालाला काही फरक पडत नाही.

सहावी पायरी: पेमेंटला गेलेली कार्ट

यूपीआयमध्ये माणूस तुमची साइट सोडून दुसऱ्या ॲपमध्ये जातो, पिन टाकतो, पैसे कटतात आणि बऱ्याचदा तो परत येतच नाही, तिथूनच मोबाईल खिशात. त्यामुळं "धन्यवाद" पान उघडलं की ऑर्डर झाली असं धरलंत तर फसाल. पेमेंट गेटवे (आपल्या वतीनं ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) तुमच्या सर्व्हरला वेगळा निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात, खरा मानायचा तो. त्याची सही (निरोप खरंच गेटवेकडूनच आलाय याची डिजिटल खूण) तपासायची, रक्कम आपल्या हिशोबाशी जुळते का बघायची. तोच निरोप दोनदा येऊ शकतो, म्हणून त्या पेमेंट आयडीची ऑर्डर आधी झालीय का हे बघूनच पुढं जायचं. आणि १५ मिनिटांनंतर पैसे आले, तोवर जोड दुसऱ्यानं नेला असेल, तर लगेच रिफंड आणि लगेच फोन, मेसेजवर सोडू नका.

कार्ट रिकामी करायची ती वेबहुक आल्यावर. पेमेंट फसलं आणि कार्टपण गेली तर माणूस परत सगळं निवडत बसत नाही. म्हणून मी स्थितीच्या रकान्यात चार शब्द ठेवलेत: चालू, पेमेंटला, झाली, सोडली. पेमेंट फसलं की "पेमेंटला" वरून परत "चालू".

सातवी पायरी: कॅश (cache, रोख पैसे नव्हे)

साइट फास्ट व्हावी म्हणून होस्टिंगवाले कॅश लावून देतात, म्हणजे एकदा बनवलेलं पान साठवून पुढच्याला तेच दाखवायचं. मालाच्या पानाला हे उत्तम आहे. कार्ट, चेकआउट आणि माझं खातं या तीन पानांना हे कधीच लागता कामा नये. एकदा आमच्या साइटवर एका ताईंना दुसऱ्याच कुणाचं नाव आणि पत्ता दिसला, होस्टिंगच्या एका सेटिंगमुळं, आणि त्या घाबरल्या, साहजिक आहे. कॅशच्या सेटिंगमध्ये ही पानं वगळा आणि वरच्या कोपऱ्यातला कार्टचा आकडा सर्व्हरला वेगळी विनंती करून आणा, पानासोबत नको.

आठवी पायरी: सोडलेल्या कार्ट वाचायला शिका

आता नोंद नीट राहायला लागली की तिच्यातून शिकायचं. शेवटची हालचाल होऊन एक दिवस झाला आणि ऑर्डर नाही, ती सोडलेली कार्ट. मी रोज सकाळी चहासोबत यादी काढते. किती कार्टमध्ये माल पडला, किती जण चेकआउटला गेले, किती जणांनी पैसे भरले. गूगल ॲनालिटिक्समध्येही हेच टप्पे आहेत, ॲड टू कार्ट, बिगिन चेकआउट, परचेस, ते जोडून घ्या, पण स्वतःच्या टेबलातली यादी जास्त बोलते कारण त्यात माल दिसतो.

आम्हाला काय दिसलं सांगते. लोक पत्ता टाकून झाल्यावर थांबत होते, कारण कुरिअरचा खर्च तिथं पहिल्यांदा दिसत होता. तो आम्ही कार्टच्या पानावरच आणला, पिनकोड टाकला की लगेच दिसतो. दुसरं, एकाच कार्टमध्ये तोच जोड आठ आणि नऊ अशा दोन नंबरात वारंवार दिसायचा. म्हणजे माणूस नंबराबद्दल साशंक आहे. मग वहिनीनं कागदावर पाय आखून फूटपट्टीनं मोजतानाचा फोटो काढला आणि प्रत्येक नंबराशेजारी इंच लिहिले. त्या पुण्याच्या काकूंनी जे घरी केलं होतं तेच.

आठवण करणारा मेसेज पाठवायचा असेल तर नंबर घेतानाच परवानगी विचारा, टिक आधीच मारून ठेवू नका. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा आहे, आणि एसएमएस पाठवायचे तर डीएलटी नोंदणी (धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांची दूरसंचार कंपन्यांकडची नोंदणी) करून टेम्प्लेट (मेसेजचा ठरलेला मजकूर) मंजूर करून घ्यावं लागतं. मी एकच मेसेज पाठवते, दुसऱ्या दिवशी, "तुमचा जोड कार्टमध्ये आहे, मापाबद्दल काही विचारायचं असेल तर फोन करा" एवढाच, खाली कार्टची लिंक. "फक्त एकच शिल्लक" असं खोटं लिहू नका. गिऱ्हाइकाला न विचारता कार्टमध्ये तेलाची बाटली, इन्शुरन्स, देणगी असलं काही घालू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये १३ फसव्या पद्धतींची यादी काढली त्यात खोटी घाई आणि कार्टमध्ये गुपचूप माल घालणं ही दोन्ही आहेत. कायदा नसता तरी आपण हे केलं नसतं, समोर बसून चप्पल देताना आपण कुणाच्या पिशवीत गपचूप काही टाकतो का?

नववी पायरी: झाडलोट आणि चाचणी

रात्री तीन वाजता चालणारं एक छोटं काम लावून ठेवा. १५ मिनिटं उलटून गेलेले बाजूचे जोड परत रॅकवर आणायचं काम मात्र दर मिनिटाला चालवा, ते रात्रीवर नको. रात्रीच्या कामात ३० दिवस हालचाल नसलेल्या पाहुण्यांच्या कार्ट काढायच्या, पण काढायच्या आधी महिन्याची बेरीज वेगळ्या टेबलात लिहून घ्या, कुठला माल किती वेळा टाकला आणि किती वेळा सोडला. नाव-नंबर त्यात नको. दिवाळीच्या आधी कारागिराला कुठल्या नंबराचे किती जोड सांगायचे हे आम्ही आता त्यावरूनच ठरवतो.

चाचणी घरातल्या दोन मोबाईलवर करा, एक आयफोन मिळाला तर बरं. लॉगिन न करता दोन वस्तू टाका, ब्राउझर बंद करा, जेवून या, परत उघडून बघा. दुसऱ्या मोबाईलवर लॉगिन करून तोच माल टाका, मग पहिल्यावर लॉगिन करा आणि नग मोजा. पेमेंटच्या पानावर जाऊन मुद्दाम मागं फिरा, मग एकदा यूपीआय पिन टाकून साइटकडं परत न येता ॲप बंद करा. मग कुठल्यातरी मालाचा स्टॉक एकवर आणा, एक मोबाईल स्वतः धरा, दुसरा घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या, एक-दोन-तीन म्हणून दोघांनी एकदम चेकआउट दाबा. एकाला पेमेंटचं पान आणि दुसऱ्याला "हा जोड आत्ताच गेला" असं दिसलं पाहिजे. मी आणि वहिनीनं हे वीस वेळा केलं, विसाव्या वेळीही तसंच आलं तेव्हा नवीन कोड साइटवर चालू केला.